सुधीरला पत्र: दुकानातल्या संगणकाबद्दल

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, ‘कोपऱ्यात सारखी व्हायरसची पाटी येते, गूगलऐवजी भलतंच पान उघडतं, आता विंडोजच नवीन टाकून घेतो.’ जरा थांब. फॉरमॅट अगदी शेवटी.

ती पाटी बहुतेक वेळा व्हायरसची नसते. कुठल्याशा साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितलेली असते, गर्दीच्या वेळी कुणीतरी ‘अलाउ’ दाबलेलं असतं. मग ती साइट उघडी नसली तरी क्रोम तिच्या जाहिराती दाखवत राहतो. साइट सेटिंग्जमधल्या ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जा आणि अनोळखी नावं काढून टाक. पाटीवर मात्र चुकूनही क्लिक करू नकोस.

बदललेलं सर्चचं पान हे बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचं, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचं काम. यादी उघडून प्रत्येकाच्या परवानग्या वाच. ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ असं लिहिलेलं असेल, तर तू ब्राउझरमध्ये जे जे उघडतोस ते त्याला दिसतं. तुझ्याकडे लोक आधार, बँकेचं पासबुक, सातबारा घेऊन येतात रे. त्यांचे फॉर्म तू याच ब्राउझरमधून भरतोस.

म्हणूनच ‘नुसत्या जाहिरातीच तर आहेत’ हे मला पटत नाही. कुणाला कोणती जाहिरात दाखवायची हे ठरवायला पाळत ठेवावी लागते, त्यामुळे ॲडवेअर (जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि स्पायवेअर (हेरगिरी करणारं) यांच्यातली सीमा फार पुसट आहे. २०१४ च्या सप्टेंबरपासून लेनोवोने काही लॅपटॉप ‘सुपरफिश’ नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच घालून विकले. सुरक्षित, कुलूपवाल्या पानांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कोणती साइट खरी हे संगणक ज्याच्या भरवशावर ठरवतो तो दाखला, बसवलं होतं, आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच! फेब्रुवारी २०१५ मध्ये संशोधकांनी ती शोधून काढली. ती हाती असलेला माणूस त्याच वायफायवर बसून बँकेचं खोटं पान खऱ्या कुलपासकट दाखवू शकला असता. बनवणाऱ्यांना हव्या होत्या फक्त जाहिराती, पण धोका केवढा निर्माण झाला बघ.

तुझ्याकडे हे कुठून आलं असेल? फोटो ५० केबीत बसवणारं, पीडीएफ जोडणारं, कृतिदेव फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं असं काहीतरी घाईत उतरवलं असणार. अशा पानांवर तीन-तीन ‘डाउनलोड’ बटणं असतात आणि त्यांतली दोन जाहिरातींची. इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडलं की आधीच टिक केलेल्या जोडीच्या गोष्टी दिसतात, त्या टिका काढायच्या. आणि क्रॅक केलेलं काही असेल तर आजच काढ. ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असं सांगणाऱ्या फाइलवर विश्वास तरी कसा ठेवायचा?

संशयास्पद एक्स्टेन्शन काढलंस की ‘ॲप्स’च्या यादीत तारखेनुसार बघ आणि त्याच सुमारास आलेलं अनोळखी काही असेल ते काढ. मग विंडोज सिक्युरिटीत जाऊन डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन चालव. त्यासाठी संगणक रीस्टार्ट होतो, म्हणून उघडं काम आधी सेव्ह कर. तिथेच नको असलेली ॲप्स अडवण्याची सोय आहे, ती चालू आहे ना ते बघ. आणखी दोन अँटीव्हायरस भरायची मला तरी गरज वाटत नाही.

पासवर्ड बदलायचे ते आपल्या फोनवरून, या संगणकावरून नाही. पासवर्ड चोरणारी स्पायवेअर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतात आणि कुकीजही, म्हणजे तू लॉग-इन केलं आहेस हे साइटला सांगणाऱ्या ब्राउझरमधल्या खुणा. कुकी हाती लागली तर कधीकधी ओटीपीशिवायही चोर तुझ्या खात्यात शिरतो. म्हणून ‘सगळीकडून लॉग-आउट’ जरूर कर.

दुकानातल्या पोराला ॲडमिनचे अधिकार नसलेलं वेगळं खातं काढून दे. बरीचशी सॉफ्टवेअर टाकताना मग तुझा पासवर्ड लागेल.

एक्स्टेन्शनच्या यादीचा फोटो काढून पाठव, पण मागे कुणाचा फॉर्म उघडा नसू दे. शनिवारी दुकान बंद केल्यावर फोन कर, स्कॅनमध्ये काही सापडलं तर तेव्हा सोबतच बघू. काकूंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझा,
महेश