पेडल विकण्यापूर्वी

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतका उशीर झाला तो आळसामुळे नव्हे, त्यातल्या एका ओळीमुळे. 'माझे ओव्हरड्राइव्ह पेडल तुझ्याकडे पडून आहे ते विकून टाक, किंमत तूच ठरव', असे तू सहज लिहून गेलास आणि माझ्यामागे नसता घोर लावलास. प्रकृती ठीक आहे. गुडघा आहे तसाच.

किंमत ठरवायची तर गिटारचा आवाज वाढवून किंचित फाटका करणाऱ्या त्या पायाखालच्या पेडलमध्ये नक्की काय आहे हे आधी ठरवायला हवे, आणि ते आपल्या दोघांचे आजवर कधी जमलेले नाही. हाताने जोडलेल्या पेडलमध्ये जीव असतो असे तू म्हणायचास. जीव वाजवणाऱ्यात असतो, पेडलमध्ये फक्त नऊ व्होल्ट असतात, असे मी म्हणायचो. आणि बापू दोघांनाही आधी गिटार सुरात लावायला सांगायचा. या वेळी मी तुझे पेडल आणि तू ज्याला 'खेळणे' म्हणायचास तो माझा प्लास्टिकचा डबा शेजारी शेजारी ठेवून दोन्हींची मागची झाकणे उघडली.

आत काय दिसले असेल ते तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण लिहिताना मला फार आनंद होतो आहे. दोन्ही सर्किटे आयबानेझच्या १९७९ च्या ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८ या पेडलचीच अपत्ये आहेत. निशिन ओन्पा या जपानी कंपनीत सुसुमु तामुरा यांनी जे आखले तेच दोन्हीकडे उतरले आहे. दोन्हीत सिग्नल वाढवणारी ४५५८ जातीची ऑप-अँप चिप आहे, तिच्या फीडबॅकच्या वाटेवर, वाढलेल्या सिग्नलचे शेंडे छाटणारे, एकमेकांच्या उलट तोंडाने जोडलेले दोन सिलिकॉन डायोड आहेत, आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टर व ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची ती प्रसिद्ध जोडी आहे, जिच्यामुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर क्रमाने कमी वाढवले जातात, खर्ज गढूळ होत नाही आणि मधला पट्टा पुढे येतो. फरक एवढाच, की तुझ्याकडचे भाग मोठे, सुबक ओळीत आणि हाताने सोल्डर केलेले आहेत, तर माझ्याकडचे मशीनने बसवलेले आणि तांदळाच्या कणीएवढे आहेत. आवाजाला त्यांचा आकार दिसत नाही.

मग आपल्या ड्रमवाल्या पम्याला बोलावले. वाजवलेले पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या लूपरवर एकच तुकडा भरून घेतला, म्हणजे वाजवणाऱ्या हाताचा फरक उरला नाही. लूपर मध्ये आला की तारांची कंपने टिपणाऱ्या गिटारच्या पिकअपचा आणि पेडलचा थेट संबंध तुटतो, असा आक्षेप तू घेशील. फझ जातीच्या पेडलच्या बाबतीत तो खरा आहे, पण या घराण्याच्या पेडलमध्ये आवाज शिरतो तिथेच बफर, म्हणजे पिकअपला पुढच्या सर्किटपासून वेगळा ठेवणारा भाग, असतो, त्यामुळे इथे तो लागू पडत नाही. (तुझे आक्षेप मला आता तू नसतानाही ऐकू येतात.) दोन्हींचे नॉब एकाच खुणेवर ठेवण्याचा मोह मी टाळला. नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या, म्हणजे पॉटच्या, मूल्यात वीस टक्क्यांचा फरक असणे ही नेहमीची गोष्ट आहे. या सर्किटमधला पाचशे किलोओहमचा गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा, पॉट प्रत्यक्षात चारशेचा निघाला तर कमाल वाढ सुमारे ९७ पट होते आणि सहाशेचा निघाला तर सुमारे १३९ पट. म्हणजे एकाच कारखान्यातून निघालेली दोन पेडलेसुद्धा नॉब सारखे ठेवून वेगळी वाजू शकतात, आणि त्यांतले एक महागाचे असले की ऐकणारा लगेच त्यात 'जीव' शोधतो. म्हणून गेन कानाने जुळवला आणि आवाजाची पातळी मीटरवर, कारण किंचित मोठा आवाज माणसाला हमखास चांगला वाटतो, आणि दुकानातले निम्मे चमत्कार तेवढ्यावरच घडतात.

पम्याने पाठ फिरवून ऐकले आणि ठामपणे एक निवडले, ते खेळणे निघाले. पुन्हा ऐकवल्यावर तितक्याच ठामपणे दुसरे निवडले. आणि शेवटी 'तुम्ही दोघे अजून तसेच आहात' असे म्हणून उठून गेला. ड्रमवाल्याचे मत धरू नये असे तू म्हणशील. पण मग माझी पाळी आली तेव्हा मलाही ओळखता आले नाही, आणि तू गेल्यापासून तुझे पेडल वाजवतो आहे तो मीच.

तरीही दोन्ही सारखीच आहेत असे मी लिहिणार नाही, कारण आवाज सारखा असला तरी वापर सारखा नाही. तुझा गेनचा नॉब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका चालीने चढतो. माझा अर्ध्या वाटेपर्यंत झोपलेला असतो आणि मग एकदम अंगावर येतो, त्यामुळे हवी ती जागा सापडते, पण शोधावी लागते. तुझे जॅक धातूच्या पेटीला नटाने आवळलेले आहेत. माझे थेट बोर्डावर सोल्डर केलेले आहेत, आणि केबलला कोणाचा पाय अडकला की तो झटका सरळ त्या जोडाला बसतो. उलट पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता थेट पुढे सोडणाऱ्या ज्या ट्रू बायपास स्विचची तू आरती ओवाळायचास, तो यांत्रिक आहे आणि झिजतो. माझ्या खेळण्यात मूळ ८०८ सारखा इलेक्ट्रॉनिक स्विच आहे, ज्यात पायाखालचे बटण फक्त इशारा देते आणि आवाजाची वाट ट्रान्झिस्टर बदलतात. आणि स्वस्त म्हणजे नाजूक, हेही मला मान्य नाही. बॉस कंपनीचे एसडी-१ हे पेडल १९८१ पासून धातूच्या पेटीत, बेताच्या किमतीत मिळते आहे, आणि बापूचे तर आपल्या सगळ्यांच्या पायाखालून गेलेले आहे.

आता तू क्लॉन सेंटॉर या पेडलचे नाव काढशील, नेहमीप्रमाणे. बिल फिनेगन यांनी १९९४ पासून हाताने घडवलेली ती सुमारे आठ हजार पेडले, आतल्या सर्किटवर ओतलेले ते इपॉक्सी, ते जर्मेनियमचे डायोड! ज्या रात्री आपण दोघे एकमेकांशी न बोलता परतलो, ती याच डायोडांपायी. माझे म्हणणे आजही तेच आहे: बहुतेक जण ते पेडल गेन अगदी कमी ठेवून वापरतात, आणि तिथे ते डायोड जवळजवळ काहीच करत नाहीत, जे ऐकू येते ते साध्या, न फाटलेल्या सिग्नलची भर आणि टोनची आखणी असते, आणि ती दोन्ही कोणालाही उतरवून घेता येतात. फिनेगन यांनी स्वतः २०१२ साली काढलेल्या केटीआर पेडलवर, या हास्यास्पद गवगव्याला आपण जबाबदार नाही, अशा अर्थाचे वाक्य छापले, यापेक्षा मोठा साक्षीदार मी कुठून आणू?

हे सगळे सिद्ध झाल्यावर मला निश्चिंत वाटायला हवे होते, पण खरा घोर पुढेच आहे. पेडलला गिऱ्हाईक मिळाले आहे. पम्याचा भाचा, बोटांत चांगले वळण असलेला, पण आपला आवाज 'पातळ' आहे या समजुतीने पछाडलेला. तुझ्या पेडलवर तो इतके पैसे घालवायला निघाला आहे, की तेवढ्या पैशांत येणारे माझ्या डब्यासारखे डबे त्याच्या पेडलबोर्डावर मावणार नाहीत. मी त्याला दोन्ही पेडले न दाखवता ऐकवली. त्याने खेळणे निवडले. मग झाकलेले उघडून दाखवले, तर दोन क्षण गप्प राहून म्हणाला, 'तरी ते दुसरेच हवे.'

आता यात फसवणूक आहे का, सांग. त्याला सगळे सांगून झाले आहे, बाजारभाव मी ठरवलेला नाही, आणि नाव व दुर्मीळपणा यांचे पैसे देणारा माणूस वेडा असतो असेही नाही. पण त्याला आवाज सुधारायचा आहे, आणि त्याचा आवाज पातळ होतो तो अ‍ॅम्पवरचा बास आणि मिड त्याने पार खाली केल्यामुळे. हे सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या दयेने पाहिले, त्या नजरेने तू मला पुष्कळ वर्षे पाहिले आहेस. माझे मत असे, की त्याला आधी ते पेडल काही दिवस फुकट वाजवू द्यावे, अ‍ॅम्प त्याच्यासमोर नीट लावून द्यावा, आणि नंतरही त्याला ते हवेच असेल तर निमूटपणे पूर्ण किंमत घ्यावी. पेडल तुझे आहे, तेव्हा होकार तुझा हवा.

नोकरी बदललीस ते फार चांगले झाले. चिमीच्या निकालाचे कळव. वहिनींना नमस्कार, त्यांचा हात आता बरा असेल.

आणि हो, पेडलचा मूळ खोका आणि आत असलेले ते सही केलेले कार्ड तुझ्याकडे असेल तर पाठवून दे. त्याने किंमत वाढते.

तुझा,
अनंता