१९५६ म्हणजे फक्त सुएझ नाही

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीत १९५६ सालावरचा लेख वाचला, सुएझचा, म्हणजे कालव्यावरून ब्रिटन-फ्रान्सने इजिप्तवर केलेल्या हल्ल्याचा भाग मस्तच जमलाय, पण हंगेरीतल्या रशियाविरोधी उठावाला जेमतेम एक ओळ? हे काही पटलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या आहेत हो. ४ नोव्हेंबरला उठाव चिरडायला रशियन रणगाडे हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये घुसले आणि लगेच दुसऱ्या दिवशी ब्रिटिश-फ्रेंच छत्रीधारी सैनिक इजिप्तच्या पोर्ट सैदला उतरले, मग इजिप्तवर स्वतःच बॉम्ब टाकणारे ब्रिटन-फ्रान्स रशियाला कुठल्या तोंडाने जाब विचारणार होते? मॉस्कोला आयतंच फावलं. पुढे सुमारे २ लाख हंगेरियन देश सोडून गेले आणि उठावाच्या वेळचे पंतप्रधान इम्रे नॉज यांना १९५८ मध्ये फाशी झाली.

आणि आपला संबंध नाही असंही नाही, मेलबर्न ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हंगेरी आलीच नाही म्हणून भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली, मग नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक मारली आणि आपण चौथे आलो. ही हॅट्ट्रिक आपल्याकडे अजून कौतुकाने सांगतात, पण ती पुढे चाल का मिळाली ते कुणीच सांगत नाही. पुढच्या भागात तेवढं जरूर घ्या.

– एक नियमित वाचक, ठाणे