चिमीची पिशवी आणि अप्पांची पोथी

बर्मिंगहॅम,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा पार चुरा झाला होता, तोही आम्ही चमच्याने संपवला. वहिनीला सांग.

परवा फोनवर तू चिडून म्हणालास, "पोरं पुस्तकाला हात लावत नाहीत." मी गप्प बसले, कारण मागे लागलेला तुमचा टीव्ही मला इथपर्यंत ऐकू येत होता. तोंडावर बोलवेना, म्हणून लिहिते.

चिमी तान्ही होती तेव्हा घरी यायच्या त्या नर्सबाईंनी एकदा तिचं वजन घेतलं आणि जाताना हातात एक पिशवी दिली. मला वाटलं, औषधं असतील. निघाली जाड पुठ्ठ्याची पुस्तकं! याला इथे 'बुकस्टार्ट' म्हणतात. १९९२ साली याच गावात तीनशे बाळांना अशा पिशव्या देऊन ते सुरू झालं, मग देशभर पसरलं. मी म्हटलं, ही तर पुस्तक चावते. बाई म्हणाल्या, चावू दे, पण रोज वाचून दाखवा, आणि तुमच्या भाषेत वाचा.

तुमच्या भाषेत म्हटल्यावर मला एकदम अप्पा आठवले. श्रावणात दिवेलागणीनंतर पोथी वाचायचे ते. आपण बसायचो फुटाण्यांसाठी, खरं की नाही? पण राक्षस ऐन दाराशी आला की अप्पा चष्मा काढायचे, पोथी लाल फडक्यात बांधायचे आणि म्हणायचे, "आता उद्या." तू रात्रभर मला छळायचास, पुढे काय होईल म्हणून. आपल्याला 'वाचत जा' असं कुणी कधी म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

तेच कर ना. जेवणं झाल्यावर दहा मिनिटं टीव्ही बंद, आणि तू मोठ्याने वाच. गोष्ट ऐन रंगात आली की थांब. मुलं लोळत ऐकेनात का. तात्पर्य मात्र विचारू नकोस, तिथेच सगळं मरतं. आणि तुझा मोबाईल दुसऱ्या खोलीत. हे मी स्वतःवरून सांगते. मी वाचता वाचता ऑफिसचे मेसेज बघायचे, तर चिमीने एके दिवशी माझा फोन उचलून सरळ चपलांच्या कपाटात नेऊन ठेवला.

पुस्तकांना पैसे पडतात असंही नाही. बालभारतीने 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर फुकट ठेवलेत. मीही त्यातलंच वाचते. परवा 'ओसरी' शब्द आला. आता बर्मिंगहॅमच्या तिसऱ्या मजल्यावर ओसरी कुठून दाखवू? आपल्या घराचा एक फोटो पाठव, आई निवडत बसलेली असेल असा. आणि भिलारला स्ट्रॉबेरी खायला जाताच, पसरणीचा घाट चढलं की पुढे असं कितीसं अंतर! तिथे २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडून ठेवलीत. एखाद्या रविवारी मुलांना तिथे नुसतं सोडून दे आणि तू बाहेर चहा पीत बस.

एक काम आईचं. तिला एक गोष्ट मोठ्याने वाचायला लाव आणि रेकॉर्ड करून पाठव. चिमीला आजीचा आवाज हवाय. पण आख्खी नको. राक्षस दाराशी आला की बंद कर. उरलेली पुढच्या रविवारी.

तुझी,
धाकटी