सायलीस, आंजर्ल्याहून

आंजर्ले, ता. दापोली
फाल्गुन, रविवार रात्र

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडलीस आणि मला तेव्हा काही सुचलं नाही. उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस होता, समोर आठ-दहा बायका पोरं घेऊन बसलेल्या. मी "जेवलीस का" एवढंच विचारून फोन ठेवला. तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलतेच आहे. आज सगळे निजलेत म्हणून लिहायला बसले. हे सगळं फोनवर मला बोलता आलं नसतं.

तू म्हणालीस, गर्भविज्ञानाच्या तासाला ४८ तास उबवलेलं कोंबडीचं अंडं फोडलं, कोमट मिठाच्या पाण्यात गर्भ काढून घेतला आणि काचेच्या बशीत ते टाचणीच्या डोक्याएवढं हृदय धडधडत राहिलं. बाकीच्या मुली पुढच्या कामाला लागल्या, तू मात्र ते थांबेपर्यंत बघत बसलीस. मग म्हणालीस, "आई, मी हा विषय सोडते, दुसरा घेते." आजी शेजारीच भाजी निवडत होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, "जिवाला मारून कसली ती विद्या!" मी तिला उत्तर दिलं नाही. तिचं सगळं चूक आहे असं मला मनापासून म्हणता येत नाही. पण तुला उत्तर द्यायचंच आहे.

बाय, तू अंड्यांतच वाढलीस. खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी कशी ओळखायची, डालग्यात पेंढा कसा घालायचा, सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात अंडं धरून आतलं लाल जाळं कसं बघायचं, हे तुला माझ्या आईने शिकवलं. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. पण मी चाळीस वर्षं कोंबड्या बसवल्या आणि एक साधी गोष्ट मला कधी खटकली नाही. कोंबडी फार तर रोज एक अंडं घालते. दहा-बारा अंडी जमायला पंधरवडा जातो. मग पहिलं अंडं पंधरा दिवसांचं आणि शेवटचं कालचं असताना सगळी पिल्लं एकाच दिवशी कशी फुटतात? गेल्या गणपतीत तू मला सांगितलंस. अंडं घातलं जातं तेव्हाच त्यात हजारो पेशी तयार असतात. गारव्यात त्या नुसत्या थांबून राहतात, मरत नाहीत. कोंबडी अंगाखाली घेते तेव्हाच सगळ्यांचा पहिला दिवस सुरू होतो. त्या रात्री मी मडक्यातली अंडी हातात घेऊन कितीतरी वेळ बसले होते. आपण रोज पोळा करून खातो त्या वस्तूकडे मी पहिल्यांदा बघत होते.

आणि कासवं. तुझे बाबा या दिवसांत रात्री किनाऱ्यावर असतात, हॅचरीतलं, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणातलं, एक घरटं आता फुटायला आलंय. लहान असताना तू हट्ट करून त्यांच्याबरोबर गेली होतीस आणि खड्ड्यातून काढलेलं अंडं हातात घेऊन कोंबडीसारखं फिरवायला लागलीस. बाबा ओरडले. ते तुझ्यावर कधी ओरडत नाहीत म्हणून तू घाबरलीस. कासवमित्रांना पहिला नियम तोच सांगतात, अंडं जसं होतं तसंच उचला, तसंच ठेवा, वरची बाजू वरच. का, ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. तू शिकून आलीस तेव्हा सांगितलंस. कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्ही टोकांना पीळदार दोऱ्या असतात, त्यामुळे ती दिवसातून कितीदा तरी चोचीने अंडी फिरवते तरी बलक सावरून राहतो. फिरवली नाहीत तरच गर्भ कवचाला चिकटेल. कासवाच्या अंड्यात त्या दोऱ्याच नाहीत. घातल्यावर थोड्याच तासांत गर्भ वर येतो आणि आतल्या पापुद्र्याला चिकटतो, तेच त्याचं जगण्याचं ठिकाण. मग उलटं केलं की संपलं. एकाला फिरवलं नाही तर धोका, दुसऱ्याला फिरवलं तर. बाबा आता नव्या पोरांना हे सांगतात, आणि तुझं नाव घेऊनच सांगतात. वाळू जास्त तापली की माद्या जास्त निघतात, गार राहिली की नर, हेही सांगतात. हॅचरीवर सावलीची जाळी का बांधायची ते पोरांना लगेच पटतं.

पण मला लिहायचंय ते वेगळंच.

तुझ्या आधी मला दिवस राहिले होते, तुला माहीत आहे. तिसऱ्या महिन्यात गेलं. तेव्हा मी विहिरीवरून पाणी भरत होते. कुणी म्हणालं कळशी उचलली म्हणून, कुणी म्हणालं पपई खाल्ली असेल, कुणी ग्रहणाचं काढलं. जिथे मला नेलं होतं तिथे कुणी काही समजावलं नाही, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. मी पपई खाल्ली नव्हती. कळशी उचलली होती. तू झालीस, मोठी झालीस, तरी विहिरीवर गेले की ती कळशी मला आठवायचीच. कुणाला बोलले नाही, तुझ्या बाबांनाही नाही.

मग दिवाळीत तू ओटीवर रांगोळीच्या चिमटीने गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या त्या आईबापांकडून आलेल्या धाग्यांच्या, जोड्या काढून दाखवल्यास. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यांतल्या जवळपास निम्म्यांत या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते, आणि ती चूक बहुतेक वेळा बीज तयार होतानाच झालेली असते, असं तू सहज बोलून गेलीस. तुला कळलंही नाही की मी उठून आत का गेले. माझं बाळ त्यातलंच होतं का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण कळशीने नाही, हे तू मला सांगितलंस. बावीस वर्षं जे कुणी सांगितलं नव्हतं ते माझ्या लेकीने सांगितलं.

आणि ते माझ्यापाशीच राहिलं नाही. मी आशा सेविका म्हणून सोळा वर्षं घरोघर फिरते. आपल्याकडे तीन महिने झाल्याशिवाय कुणी बोलत नाही, दृष्ट लागेल म्हणून. सासू लपवते, सून लपवते. मी नोंद करायला जाते, कार्ड भरते, गोळ्या देते, तोवर तिसरा महिना सरत आलेला. मला वाटायचं, अजून सहा महिने आहेत. तू मला ३३ तासांच्या गर्भाचं चित्र दाखवलंस, पाठीवर दोन कडा उभ्या राहतात आणि कपडा दुमडून शिवावा तशा मिटून त्यांची नळी होते, तिचाच पुढे मेंदू आणि मणक्यातली दोरी. कोंबडीत हे दुसऱ्याच दिवशी. आणि माणसात? तू म्हणालीस, गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत ती नळी मिटलेली असते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे! कितीजणींना तेव्हा ठाऊक तरी असतं? मग मला आपल्या वरच्या वाडीतलं ते पाठ उघडी राहिलेलं बाळ आठवलं. त्याच्या आईला मी, ती नळी नीट मिटावी म्हणून द्यायच्या त्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या होत्या, वेळेवर दिल्या असं मला वाटत होतं. माझ्या कागदावर वेळेवरच होत्या.

तेव्हापासून मी लग्न होऊन आलेल्या मुलींकडे आधीच जाते. पाळी चुकायची वाट बघत नाही. रोजची ४०० मायक्रोग्रॅमची एक गोळी, मूल हवं असं मनात आल्यापासून. आधी हसतात, सासवा नाकं मुरडतात, "अजून कशात काय नाही नि गोळ्या कसल्या!" मग मी जमिनीवर बोटाने त्या दोन कडा काढते आणि मिटवून दाखवते. बायकांना ते कळतं, घडी घालणं त्यांना शिकवावं लागत नाही. हे चित्र कुणीतरी कधीतरी अंडी फोडून, तासातासाचं बघून काढलं असणार. ते नसतं तर मी काय काढून दाखवलं असतं?

तुझ्या पणजोबांच्या पेटीतली सुश्रुतसंहिता तू वाचत होतीस ते आठवतं? गर्भात आधी काय होतं यावर त्यातले ऋषी वाद घालतात. एक म्हणतो डोकं, एक म्हणतो हृदय, एक नाभी, एक हातपाय. धन्वंतरी म्हणतात, सगळं एकदमच होतं, पण बारीक असतं म्हणून दिसत नाही. पिकल्या आंब्यात रेषा, गर, बाठा वेगळे दिसतात, कोवळ्या कैरीत दिसत नाहीत, तसं. तू लगेच खाली पडलेली बाळकैरी आडकित्त्याने कापलीस. बाबा हळहळले, कैरी वाया घालवली म्हणून. मग तू म्हणालीस, अंड्यात तसं नाही, दुसऱ्या दिवशी हृदय चालू होतं तेव्हा पाया-पंखांची खूणसुद्धा नसते, ते तिसऱ्या दिवशी कोंब फुटावेत तसे येतात. धन्वंतरींचं चुकलं असं तुझ्या तोंडून ऐकून आजी रागावली होती, आणि मला मात्र अभिमान वाटला होता. त्यांच्याकडे तुझ्यासारखा मायक्रोस्कोप नव्हता. असता तर त्यांनीही बघितलंच असतं.

तू रडलीस त्याचं मला वाईट वाटलं नाही. जिला त्या हृदयाचं काही वाटत नाही तिच्या हातात मी अंडं देणार नाही. तू ते थांबेपर्यंत बघितलंस, लगेच वहीत चित्र काढून पुढे गेली नाहीस, म्हणून मला वाटतं की हे काम तूच करावंस. लागतील तेवढीच अंडी घे, एकही वाया घालवू नकोस, आणि फोडलंस की पुरतं बघ. तरीही सोडावंसं वाटलं तर सोड, मी एक शब्द बोलणार नाही. पण त्या बशीमुळे सोडू नकोस.

आजीचं म्हणशील तर तिने आज संध्याकाळी आपणहून विचारलं, "पोरगी रडायची थांबली का?" आणि तुझ्यासाठी कुळथाचं पीठ दळून ठेवलंय. आमसुलंही पाठवते.

काळी कोंबडी कालपासून खुडूक आहे. अकरा अंडी मडक्यात जमलीत, अजून खाली ठेवली नाहीत. पाडव्याला किती दिवसांची सुट्टी आहे आणि कुठल्या एसटीने येतेस ते कळव. त्या हिशेबाने बसवते, म्हणजे तू येशील त्या रात्री सातवा दिवस येईल. बॅटरीत नवे सेल घातलेत.

तुझी,
आई