वायरलेस प्रिंटर घेतला आणि वायर शोधत फिरले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हे पत्र मेलने पाठवतेय, कारण प्रिंट काढून पाठवायची सोय गेले दोन आठवडे माझ्याकडे नव्हती. आणि प्रिंटर तर माझ्या टेबलावरच आहे. नवाकोरा, वायरलेस.

मी पीजी करते, हॉस्टेलला राहते. सबमिशन जवळ आलं की लायब्ररीतल्या एकुलत्या एक प्रिंटरपुढे रांग लागते, म्हणून घरच्यांनी छोटा प्रिंटर घेऊन दिला. घरी दोन मिनिटांत वायफायला जोडला होता. हॉस्टेलला आणून चालू केला तर निळा दिवा नुसता लुकलुकतोय. प्रिंटरला दोन ओळींचा एवढासा स्क्रीन, खाली बाणाची बटणं, एकेक अक्षर फिरवत आणायचं, कॅपिटल हवं असेल तर सगळी एबीसीडी ओलांडून जायचं आणि बोट जरा जास्त दाबलं गेलं की परत अख्खी प्रदक्षिणा. चार वेळा पासवर्ड टाकला, चारही वेळा नकार. मग ट्यूब पेटली की लॅपटॉपवर आपण युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही टाकतो आणि हा बाबा फक्त पासवर्ड विचारतोय. युजरनेमची चौकटच नाही, टाकणार कुठे?

नेटवर्क रूममधल्या दादांनी समजावलं ते थोडक्यात सांगते, कारण माझ्यासारखे बरेच जण इथेच अडकतात. घरच्या वायफायला सगळ्यांना मिळून एकच किल्ली असते, त्याला डब्ल्यूपीए२ पर्सनल म्हणतात. कॅम्पसवर असतं एंटरप्राइझ, म्हणजे प्रत्येकाची ओळख वेगळी तपासायची, त्यासाठी ८०२.१एक्स नावाचं स्टँडर्ड आहे, २००१ पासूनचं. कारण साधं आहे, हजारो पोरांना एकच किल्ली दिली तर एक जण पास होऊन गेला की सगळ्यांची किल्ली बदलायला लागेल. हे पटलं. पण घरगुती प्रिंटर बनवणारे धरूनच चालतात की हा घरातच राहणार, त्यामुळे स्वस्तातल्या बहुतेक मॉडेल्सना एंटरप्राइझ येतच नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'वायरलेस', आणि कुठल्या वायफायला चालतो ते आतल्या पुस्तिकेत मुंगीएवढ्या अक्षरात. मला तर याचाच जास्त राग आला.

महागातल्या ऑफिस प्रिंटरना हे जमतं म्हणे. पण त्यात माझं युजरनेम-पासवर्ड साठवायचं, म्हणजे जो पासवर्ड मेलला, तोच रिझल्टला, तोच लायब्ररीला, तो एका प्रिंटरच्या पोटात ठेवायचा आणि पुढे प्रिंटर कुणाला विकला की पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. शिवाय नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला की प्रिंटर गप्प.

तर दुसरा मार्ग निघाला. आमच्याकडे टीव्ही, प्रिंटर असल्या मुक्या उपकरणांसाठी वेगळं नेटवर्क आहे, फक्त ते कुणी सांगत नाही. फॉर्ममध्ये प्रिंटरचा मॅक ॲड्रेस भरायचा, मग तेवढ्या उपकरणाला आत सोडतात. मॅक म्हणजे उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, १२ अंक-अक्षरं, त्यात ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच येतं. स्टिकर प्रिंटरच्या मागे खालच्या बाजूला, वर मोबाईलचा टॉर्च मारून मी वाचला आणि बी च्या जागी ८ लिहून आले. तीन दिवस 'रजिस्टर तर केलंय, मग का नाही जोडत' करत बसले! रूममेटने फोटो काढून झूम केला तेव्हा कळलं. सांगायचं म्हणजे स्टिकर वाचू नका, प्रिंटरच्या मेन्यूतून नेटवर्कचा रिपोर्ट छापून घ्या, त्यावर मॅक स्वच्छ येतो आणि त्याला वायफाय लागत नाही.

बरं, शेवटी प्रिंटर जोडला गेला, निळा दिवा स्थिर झाला, आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या, आणि लॅपटॉप म्हणतो प्रिंटर सापडत नाही. लॅपटॉप एका नेटवर्कवर, प्रिंटर दुसऱ्यावर. प्रिंटर 'मी इथे आहे' अशी हाळी देतो ती आपल्याच नेटवर्कपुरती, कुंपणापलीकडे ऐकू जात नाही. आणि दोघं एकाच नेटवर्कवर असते तरी भागलं नसतं, कारण इथे एका वायरलेस उपकरणाला दुसऱ्याशी थेट बोलू देत नाहीत, सगळ्यांनी फक्त इंटरनेटकडे तोंड करून बसायचं. हेही सुरक्षेसाठीच, नाहीतर कुणाच्याही खोलीतला प्रिंटर कुणीही चालवेल. २०१८ मध्ये एकाने इंटरनेटवर उघड्या पडलेल्या हजारो प्रिंटरमधून आपल्या आवडत्या यूट्यूबरची जाहिरात छापून दाखवली होती, तेव्हा भीती अगदीच खोटी नाही.

मग पोरं काय करतात तर प्रिंटरचं स्वतःचं वायफाय चालू ठेवतात, 'डायरेक्ट' नावाने दिसतं ते. आमच्या मजल्यावर लॅपटॉप उघडला की अशा नावांची रांगच लागते, आणि काही मॉडेल्सचा त्याचा पासवर्ड १२३४५६७८! म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली पुढचं दार बंद केलं आणि पोरांनी मागची खिडकी उघडली. त्यात २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल्स, म्हणजे वाटा, तीनच, १, ६ आणि ११, त्यात ही सगळी गर्दी, मग वायफाय स्लो म्हणून तक्रारीही आम्हीच करतो. खरं म्हणजे हे सगळं फॉर्म भरायच्या खिडकीवरच थांबवता आलं असतं.

माझं म्हणणं एवढंच की कॉलेजांनी नेटवर्क ढिलं करू नये, पण ॲडमिशनच्या वेळी गादी-उशी-बादलीची यादी देता ना, त्यात दोन ओळी प्रिंटरच्या पण घाला, कुठला चालेल, कुठला नाही, फॉर्म कुठे मिळेल. आणि आता प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या उपकरणांपुरती वेगळी किल्ली देऊन त्याची उपकरणं तेवढी एकमेकांना दिसतील अशी सोय करणाऱ्या सिस्टिम आहेत, दादांनीच सांगितलं, फक्त वरून मंजुरी यायला हवी. प्राचार्य, रजिस्ट्रार वगैरे मंडळी पेपर वाचतात म्हणून हे इथे लिहितेय, कॉलेजला दिलेल्या दोन अर्जांना अजून उत्तर नाही.

तोवर मी प्रिंटरचं वायफाय बंद करून टाकलंय आणि यूएसबी वायर लावली आहे. पहिल्या झटक्यात चाललं, चाळीस पानं सलग आली. ती वायर मात्र खोक्यात नव्हती, वेगळी आणावी लागली.

आपली,
एक हॉस्टेलवासी वाचक