पेरिम बेट निर्जन नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला तांबड्या समुद्रातल्या जहाजांवरील हल्ल्यांचा लेख वाचला. लेख चांगला उतरला आहे, पण नकाशाखाली पेरिमला ‘निर्जन बेट’ म्हटले आहे ते खटकले.

व्यापारी जहाजांवर इंजिन खात्यात माझी उमेदीची वर्षे गेली. सुएझकडे जाताना तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीत हे बेट उजव्या हाताला लागते. पहिल्या खेपेला वॉच संपवून डेकवर आलो, तेव्हा मीही ते ओसाडच समजलो होतो. भाजून काळा पडलेला खडक, टेकाडावर दीपगृह, हिरवे म्हणून काही नाही. मग सेकंड मेटने हातात दुर्बीण दिली. किनाऱ्यालगत दोन होड्या होत्या आणि एकीच्या काठावर कुणाची तरी निळी लुंगी वाळत होती.

बेट जेमतेम १३ चौरस किलोमीटरचे, आणि तिथे गोडे पाणी नाही. नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला म्हणून १७९९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने इथे फौज ठेवली, पण पाण्यावाचून काही महिन्यांतच ती हलवावी लागली. १८५७ मध्ये इंग्रज पुन्हा आले ते राहिले. १८८३ मध्ये इथे आगबोटींना कोळसा पुरवणारे ठाणे निघाले. बंदर खोल आणि अगदी वाटेवर, त्यामुळे कोळशासाठी येमेनच्या किनाऱ्यावरच्या एडन बंदराला वळसा घालायची गरज उरली नाही. कोळसा यायचा थेट वेल्सहून. प्यायचे पाणी समुद्राच्या पाण्याची वाफ थंड करून मिळवायचे, म्हणजे घोटभर पाण्यालाही कोळसाच जाळा!

अशा ठाण्याची वस्ती ही गावासारखी वस्ती नव्हे. मूठभर गोरे साहेब, हिंदी शिपायांची तुकडी आणि कोळसा वाहणारे अरब व सोमाली हमाल. जहाजे लागली की माणसे वाढत, काम मंदावले की आपापल्या किनाऱ्याला परत जात. एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होते (वासुदेव बळवंत फडक्यांना तिथेच का धाडले, ते यावरून कळते), त्यामुळे पेरिमची डोकीही आपल्याच इलाख्याच्या खानेसुमारीत मोजली जात. रत्नागिरीचा खलाशी आणि पेरिमचा हमाल एकाच सरकारच्या हिशेबात! १९०१ मध्ये पेरिम धरून एडन वसाहतीची लोकसंख्या सुमारे ४४ हजार भरली. पण ही मोजणी एका ठरलेल्या रात्रीची. त्या रात्री धक्क्याला दोन जहाजे लागली असतील तर आकडा एक, नसतील तर दुसरा. त्या आकड्यावरून बेटावर कायमचे कोण राहते हे कसे कळणार? फार तर त्या दिवशी कामाला किती हात लागले, एवढे कळेल.

पुढे जहाजे तेलावर चालू लागली. १९३२ मध्ये एडन मुंबई इलाख्यातून निघाले, १९३६ मध्ये पेरिमची कोळसा कंपनी बंद झाली आणि ज्यांना पोटापाण्यासाठी तिथे आणले होते ते पांगले. आम्हा इंजिनवाल्यांचे पोट त्या तेलावरच चालले, हेही इथे कबूल करतो. मागे उरले ते मासेमारी करणारे. १९६७ मध्ये इंग्रज गेले तेव्हा बेट दक्षिण येमेनमध्ये गेले. २०१५ मध्ये ते आधी येमेनमधल्या हूती बंडखोरांनी घेतले आणि त्याच वर्षी सौदीच्या आघाडीने परत मिळवले. २०२१ मध्ये उपग्रहांच्या छायाचित्रांत तिथे नवी धावपट्टी दिसली तेव्हा जगभर ‘गूढ तळ’ म्हणून चर्चा झाली.

प्रत्येक वेळी बातमी दीपगृहाची, कोळशाची, नाहीतर धावपट्टीची. मासे धरणारे कुणाच्या हिशेबात नव्हते, म्हणून ते नव्हतेच असे कसे म्हणायचे? पुन्हा नकाशा छापाल तेव्हा ‘निर्जन’ हा शब्द काढावा, आणि जागा असेल तर पेरिमच्या जोडीला ‘मय्यून’ हे अरबी नावही द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त दर्यावर्दी, रत्नागिरी