दर वाढवण्याआधी नमुना ८ उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरपट्टी २० टक्के वाढवायची की खर्चाला कात्री लावायची, यावर ग्रामसभेत तास-दोन तास वाद होतो आणि नमुना ८ ची वही, म्हणजे कोणाच्या घरावर किती कर बसतो याची ग्रामपंचायतीची नोंदवही, कपाटातच राहते. ग्रामपंचायतीची घरपट्टी आता भांडवली मूल्यावर बसते. क्षेत्रफळ, रेडीरेकनरचा (सरकारने ठरवलेल्या जागा-बांधकामाच्या किमतीचा) दर, बांधकामाचा प्रकार, घसारा (जुन्या बांधकामाची घटलेली किंमत), वापर हे सगळे त्यात येते. पण वहीत पत्र्याचे शेड आणि जागेवर खाली गाळे असलेले दुमजली आरसीसी घर असेल, तर दर वाढवून काय साधणार? भरणाराच आणखी भरणार. चार वर्षांनी होणारी फेरआकारणी टेप घेऊन, घरोघरी जाऊन व्हावी. मागच्या आकड्यावर टक्के चढवून नव्हे.

वसुलीचेही तसेच. कराची मागणी १० लाख आणि वसुली ६ लाख असेल, तर २० टक्के वाढीने जमा होतील ७ लाख २० हजार, थकबाकी मात्र ४ लाखांची ४ लाख ८० हजार होईल. जुन्याच दराने ८० टक्के वसुली झाली तर ८ लाख येतात.

खर्चात पहिले पाहावे ते लाइटबिल. पाणी योजनेचा १० एचपीचा पंप तासाला साधारण ९ युनिट खातो. ८ तासांत भरणारी टाकी १० तास घेऊ लागली, की महिन्याला ५४० युनिट जास्त. कारण बहुधा झिजलेला इंपेलर (पंपातले पाणी ढकलणारे चाक), नाहीतर रायझिंग लाइनची, म्हणजे पंपापासून टाकीपर्यंतच्या पाइपची गळती. टाकी भरायला लागलेला वेळ पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने रोज वहीत लिहिला तर बिघाड आठवड्यात कळतो. रस्त्यावरचे २० वॅटचे १५० दिवे सकाळी चार तास उगाच जळले तर महिन्याला आणखी ३६० युनिट. तिथे टायमर बसवावा. एवढे करूनही पाणी योजना तोट्यातच राहिली तर पाणीपट्टी जरूर वाढवा, त्याला ना नाही.

कपात टीसीएलवर, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरवर मात्र नको. (ती नेमकी तिथेच आधी होते!) हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो, महिन्याला १५ किलो. त्यात कात्री लावून वाचणार किती? स्वस्तात एकदम आणून दमट खोलीत उघडे ठेवलेले पोतेही महागच पडते. त्यातला क्लोरीन उडून जातो आणि मात्रा तीच टाकूनही ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते पाहणाऱ्या) पाणी पिवळे होत नाही.

— एक वाचक, ता. तासगाव, जि. सांगली